गळतीची ओळ

आमच्या कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळ एक जुना संगणक होता. त्याच्या कपाळावर एक कागद चिकटवलेला असे. निळ्या स्केचपेननं, गोल गोल अक्षरांत लिहिलेला: ‘पेशी जिवंत आहे. बटन बंद करू नये.’

पहिल्या वर्षाची पोरं तो कागद वाचून संगणकाच्या मागं डोकवायची. काचेच्या बशीत काही वळवळतंय का ते बघायला. मागं नुसती धूळ आणि वायरींचा गुंता. पेशी होती ती आत, आकड्यांत. पण ती जिवंत आहे यावर सरांचा पूर्ण विश्वास होता. एकदा झाडायला येणाऱ्या मावशींनी टेबलफॅन लावायचा म्हणून तिचा प्लग काढला. सर तास संपवून आले, काळा पडदा पाहिला आणि रागावले नाहीत. शांतपणे विचारलं, “मावशी, किती वाजता गेली?”

“कोन गेली जी?”

“पेशी.”

मावशींच्या हातातला झाडू थांबला. “साडेअकराले असंन जी. मले काय मालूम का ते जित्ती होती म्हनून!”

सरांनी रजिस्टर काढलं, वेळ लिहिली आणि संगणक पुन्हा सुरू केला. त्या दिवसापासून मावशी ते टेबल पुसताना डोक्यावर पदर घ्यायच्या.

सर अहेरीला आम्हाला फिजिक्स शिकवायचे. उंच, किंचित वाकलेले, शर्टाची बाही एक खाली आणि एक वर. ती वर का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, “एका हातानं फळ्यावर लिहितो जी. दुसऱ्याचं काय बिघडते?” पोरापोरींना ते ‘तुमी’ म्हणत. प्रत्येक पोरगा भाऊ, प्रत्येक पोरगी बाई. सतरा वर्षांच्या मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी ‘बाई, तुमी सांगा’ म्हटलं ते त्यांनी. मी मागं वळून पाहिलं होतं, मॅडम आल्या की काय म्हणून.

त्यांची ती पेशी म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीतली स्नायूपेशी. धमनीच्या नळीभोवती या पेशी बांगड्यांसारख्या गुंडाळलेल्या असतात. त्या आवळल्या की नळी अरुंद होते आणि रक्ताचा दाब चढतो. सैल पडल्या की उतरतो. आवळण्याचा निरोप देतं कॅल्शियम. पेशीच्या बाहेर ते भरमसाट असतं, आत जवळपास नाहीच. दरवाजा क्षणभर उघडला की ते धावत आत शिरतं. शिवाय पेशीच्या पोटात कॅल्शियमची एक छोटी कोठी असते, तिथूनही ते सुटतं. मग पंप त्याला ढकलत पुन्हा कोठीत आणि बाहेर नेतात. सरांनी हे सगळं गणितात मांडलं होतं. एकमेकांत अडकलेली पंधरा-वीस समीकरणं, आणि त्यांना सेकंदाच्या बारीक तुकड्यांनी पुढं नेणारा एक प्रोग्रॅम. पडद्यावर एक रेघ उमटत जायची. पेशीतलं कॅल्शियम वाढलं की रेघ वर, उतरलं की खाली.

सरांच्या पेशीत ती रेघ झोपाळ्यासारखी हलायची. खऱ्या बारीक धमन्याही अशाच हलतात. हृदयाच्या ठोक्याशी संबंध नसताना, आपल्या आपण, सावकाश आवळतात आणि सुटतात. ते हलणं आपल्या आकड्यांतून उगवावं म्हणून सरांनी अकरा वर्षं घातली होती. कॉलेजात त्यांची थट्टा व्हायची. स्टाफरूममधले एक सर म्हणत, “ह्यायचं लग्न दोनदा झालं. एकदा सिस्टरशी, एकदा कॅल्शियमशी.” सिस्टर म्हणजे सरांची बायको. त्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या, आणि सगळ्या गावासारखे सरही त्यांना सिस्टरच म्हणायचे, घरातसुद्धा.

अभ्यासक्रम संपला की उरलेल्या तासांत सर आम्हाला पेशी शिकवायचे. परीक्षेत ती नव्हती, तरी वर्ग भरायचा. एकदा त्यांनी आमचीच पेशी केली. वर्गाची खोली म्हणजे पेशी. शेजारची सामान ठेवायची खोली म्हणजे कोठी, तिच्यात आम्ही दहा जण कोंबलेले. बाकीची पोरं व्हरांड्यात. दारावर एक भाऊ उभा; टाळी वाजली की त्यानं दार उघडायचं, तीन मोजून लावायचं. जे आत आले त्यांनी कोठीचं दार वाजवायचं, ते वाजलं की आम्ही बाहेर धावायचं. कबड्डीच्या संघातले दोघे म्हणजे पंप; त्यांनी आम्हाला एकेकाला धरून परत कोठीत टाकायचं. आणि खोलीत जितके जास्त जण, तितकी जोरात दोन्ही टोकांनी एक दोरी ओढायची. पहिल्या टाळीलाच असा कल्ला झाला की प्राचार्य धावत आले.

“हे काय चाललंय, सर?”

“आकुंचन,” सर म्हणाले.

प्राचार्य दोरीकडं, मग घामाघूम पंपांकडं बघत राहिले. “लवकर आटपा.”

“सैल पडूनच राह्यली जी. दोन मिन्टं.”

मी त्या दिवशी कोठीत अंग चोरून उभी होते, कुणाची तरी कोपर बरगडीत. कितीही धावपळ झाली, किती आत आले, किती बाहेर गेले, तरी शेवटी हजेरी घेताना आम्ही बेचाळीसचे बेचाळीसच होतो. तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

सरांच्या कामात मी शिरले ती बसमुळं. आमचं गाव आलापल्लीच्या पुढं. कॉलेज दोनला सुटायचं आणि आमच्या गावाची बस पाचला. ते तीन तास मी प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून काढायची. एके दिवशी सर बाहेर आले.

“बाई, कायची वाट पाहून राह्यल्या?”

“बसची, सर.”

“ते पाचले येते. तोवर पेशीची पाहा.”

आत बोलावून त्यांनी मला संगणकापुढं नाही बसवलं. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर छापलेला अख्खा प्रोग्रॅम माझ्यापुढं ठेवला. नव्वदेक पानं. म्हणाले, “एक ओळ वाचायची, आन ते काय करते ते बाजूले मराठीत लिहायचं. नाई समजलं त ‘नाई समजलं’ लिहायचं. समजल्यासारखं नाई लिहायचं.”

पहिला महिनाभर माझ्या पानांवर ‘नाही समजलं’ याशिवाय फारसं काही नव्हतं. सर ती पानं घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक ‘नाही समजलं’पुढं उत्तर लिहून आणायचे. कुठं नळीचं चित्र, कुठं कोठीचं. एकदा मी लिहिलं होतं, ‘इथं कॅल्शियम उणे झालं तर ते शून्य करायचं, असं दिसतं.’ ती ओळ त्यांनी प्रोग्रॅममधून माझ्यासमोर खोडली. “हे मी घाईत घातलो होतो. उनं कॅल्शियम नसते जी. ते उनं होऊन राह्यलं म्हंजे आपलं वेळेचं पाऊल मोठं पडून राह्यलं. पाऊल लहान करा. शून्य करून झाकायचं नाई.” मग सगळं पुन्हा चालवायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस सर खुशीत होते.

आठवडी बाजाराच्या दिवशी सिस्टर आंब्याच्या झाडाखाली टेबल मांडून लोकांचं बीपी तपासायच्या. सर त्यांच्या बाजूला स्टुलावर बसायचे. तपासायचं काम सिस्टरांचं, बोलायचं सरांचं. लोक त्यांना डाक्टर म्हणत आणि ते दर वेळी सुधारत, “मी डाक्टर नाई जी, फिजिक्सवाला आहो.” काही फरक पडत नसे.

एक म्हातारी गोंड बाई होती. जंगलातल्या गावातून सात-आठ कोस चालून बाजाराला यायची. तिचं बीपी दर वेळी वर. गोळ्या दिल्या होत्या, पण ती घेतच नव्हती.

“मले काई होत नाई,” ती म्हणाली. “दुखत नाई, खुपत नाई. मंग गोळी कायले?”

सिस्टर समजावून थकल्या होत्या. सरांनी तिच्यापुढं आपली मूठ धरली. “हे नळी, माय. ह्यातून तुह्यं रक्त जाते. आता आवळून राह्यली. पाय.” त्यांनी मूठ घट्ट केली. “बोट घाल.”

म्हातारीनं बोट घालायचा प्रयत्न केला. जाईना.

“हे दुखत नाई मले. पन किती वेळ अशी धरून ठेवू सांग? हिले आवळ म्हनून सांगनारा एक पावना आहे. तो दारातून आत येते. गोळी ते दार अर्धं लावते. बस, तेवढंच. सारं नाई लावत.” आणि त्यांनी मूठ हळूहळू सैल केली. म्हातारीचं बोट आत गेलं.

तिनं बोट बाहेर काढलं आणि पुन्हा घालून पाहिलं. पुढच्या बाजाराला तिनं रिकामं पाकीट दाखवायला आणलं, आणि पळसाच्या पानात बांधलेली टेंभरं, तेंदूची पिवळी फळं. सर ती टेंभरं प्रयोगशाळेत घेऊन आले आणि आम्हा सगळ्यांना एकेक वाटली. म्हणाले, “हे कॅल्शियमच्या दारानं आलेली आहेत.”

आता मला ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहावंसं वाटतं, ती सांगते.

मी तिसऱ्या वर्षाला होते. सरांना नागपूरला एका परिसंवादात बोलायचं आमंत्रण आलं होतं. तालुक्याच्या कॉलेजातल्या माणसाला असं बोलावणं पहिल्यांदाच. ज्यांनी थट्टा केली होती तेच आता चहा पाजत होते. सर त्यांची झोपाळ्यासारखी रेघ तिथं दाखवणार होते. मला त्यांनी एक काम दिलं होतं: लोक काय काय विचारतील त्याची यादी करायची.

यादी करता करता मला आमची बेचाळिसांची हजेरी आठवली. मी विचार केला, पेशीची बाहेरची सगळी दारं लावली, बाहेरचे पंपही बंद केले, तर आतल्या कॅल्शियमची बेरीज तेवढीच राहायला हवी. ते कोठीतून पेशीत जाईल, पेशीतून कोठीत जाईल, पण एकूण तेवढंच. हे कुणी विचारलं तर उत्तर तयार असावं, म्हणून मी दारांचे आकडे शून्य केले, प्रोग्रॅम चालवला आणि बेरीज केली.

बेरीज वाढत होती. फार नाही, अगदी हळू, पण वाढतच होती. बंद खोलीत पोरं वाढावीत तसं.

मला वाटलं, माझंच चुकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. तिसऱ्या दिवशी कागदावर हातानं केलं. चौथ्या दिवशी मला ती ओळ सापडली. कोठीतून पेशीत कॅल्शियम थोडं थोडं गळत असतं, त्या गळतीची ओळ. कोठी लहान, पेशी मोठी. लोट्यातलं पाणी घागरीएवढ्या गुंडात ओतलं तर गुंडातली पातळी बोटभर चढते, पण लोटा रिकामा होतो. सरांच्या त्या एका ओळीत लोट्यातली पातळीही बोटभरच उतरत होती. बाकी सगळीकडं त्यांनी लहान-मोठ्याचा हिशोब बरोबर धरला होता. फक्त या एका ओळीत तो गुणाकार राहून गेला होता. त्या ओळीच्या बाजूला माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘कोठीतली गळती. समजलं.’

सांगावं की नाही, हे मी दोन दिवस मनात घोळवलं. नागपूरला कुणाच्या लक्षातही येणार नव्हतं. आणि कदाचित ती चूक इतकी बारीक असेल की रेघेला धक्काही लागणार नाही, अशी मी मनाची समजूत घालत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी, सर डबा उघडून बसले होते तेव्हा, मी ते पान त्यांच्यापुढं ठेवलं. त्या ओळीवर बोट ठेवलं.

त्यांनी वाचलं. डब्याचं झाकण लावलं. मग संगणकापुढं बसून त्यांनी स्वतः दारं लावली, बेरीज पाहिली. मग तो राहिलेला गुणाकार घातला आणि पेशी पुन्हा चालवली. तेव्हाच्या त्या संगणकाला वीसेक मिनिटं लागायची. आम्ही दोघं पडद्याकडं बघत बसलो. रेघ उमटायला लागली. एकदा वर गेली, खाली आली, पुन्हा थोडी वर, मग त्याहून थोडी, आणि मग सरळ. आडवी. शेवटपर्यंत आडवी.

“बरं,” सर म्हणाले.

पिशवी घेतली आणि निघून गेले. डबा तसाच टेबलावर.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. आजवर ज्या माणसानं कधी रजा घेतली नव्हती, ते त्याच्या दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. तिसऱ्या दिवशी तेच थट्टेखोर सर मला म्हणाले, “काय व, सरायचं काय केलं तू?” मी प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून राहिले. सरांचा डबा मी धुऊन ठेवला होता. मी ते पान दाखवलंच नसतं तर काय बिघडलं असतं, हा एकच विचार डोक्यात. त्यांच्याजवळ ती एक रेघ होती, आणि ती मी आडवी केली होती.

रविवारी सकाळी सर आमच्या गावात आले. बसमधून उतरून विचारत विचारत. मी अंगणात धान वाळत घालत होते. बाबा आलापल्लीच्या लाकूड डेपोत सागाची लाकडं मोजायचे. त्या दिवशी सुट्टी म्हणून घरी होते. कॉलेजचे सर दारात पाहून बाबांचा चेहरा उतरला. माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, “काय केलं व तू?”

सरांनी ऐकलं. “जयभीम भाऊ. तुमच्या पोरीनं माही चूक काढली. तेच सांगाले आलो.”

बाबांना वाटलं, तक्रार आहे. ते हात जोडून उभे. “लहान आहे जी ते. चुकून बोलली असंन. मी समजावतो तिले.”

“नाई नाई, तुमाले समजलं नाई.” सर खाटेवर बसले, पाणी प्यायले. मग विचारलं, “भाऊ, तुमी लाकूड कसं मोजता?”

बाबा गोंधळले, पण हा प्रश्न त्यांच्या घरचा होता. “लांबी घ्याची जी, आन मधात गोलाई. मंग कोष्टकात पायाचं.”

“गोलाई साल धरून का साल सोडून?”

“ते ठरलेलं असते जी. साल धरून मोजली आन साल सोडून लिहिली, त सारा ढीग चुकते. एका लाकडात समजत नाई. पन ढिगात समजते.”

सर खाटेवरून उठलेच. “हेच! हेच केलो मी! अकरा वर्षं एक लाकूड साल धरून मोजलो, बाकीचे साल सोडून. कोनालेच समजलं नाई. हिनं ढीग मोजला.”

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. तसं त्यांनी याआधी माझ्याकडं कधी पाहिलं नव्हतं. त्यांना कॅल्शियम माहीत नव्हतं, पेशी माहीत नव्हती. पण ढीग चुकला म्हणजे काय आणि तो धरणारा माणूस काय असतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. आई आतून चहा घेऊन आली, तर बाबा म्हणाले, “चहा कायले, भात टाक. सर जेवून जातीन.”

जेवण झाल्यावर सरांनी पिशवीतून नव्वद पानं काढली. पहिल्या पानावर त्यांचं नाव होतं. त्याच्या वर थोडी जागा होती. “इथी लिहा,” म्हणाले.

“काय, सर?”

“तुमचं नाव.”

“वर?”

“वरच. चूक ज्यानं काढली तो वर.”

मी लिहिलं. ते नाव आजही मला दुसऱ्याच कुणाचं वाटतं.

नागपूरला आम्ही दोघं गेलो. बसचा अख्खा दिवसाचा प्रवास. आष्टीच्या पुलावरून वैनगंगा ओलांडताना सर खिडकीतून बघत म्हणाले, “माही मायही गोळी नाई घे. दुखत नाई म्हने. मी नागपूरले शिकत होतो तवा. लकवा झाला, मंग सहा वर्ष अंथरुणावर. तिच्या गोळीच्या पाकिटात कागद होता बारीक अक्षराचा. त्यावर लिहिलं होतं, कॅल्शियमचा मार्ग रोखते. मले वाटलं, कोनता मार्ग? कसा रोखते? पाहावं म्हनलं.” एवढंच. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही.

सभेत त्यांनी आधी जुनी रेघ दाखवली. झोपाळ्यासारखी, सुंदर. लोकांनी माना डोलावल्या. मग ते म्हणाले, “हे चूक आहे.” आणि गळतीची ओळ दाखवली, बेरीज दाखवली, आडवी रेघ दाखवली. “मी ह्या रेघेवर अकरा वर्ष जीव लावलो. आता माह्याजवळ दाखवाले काई नाई. पन ज्यायनं माह्या मॉडेलवरून पुढं काई केलं असंन, त्यायनं हे एक ओळ पाहावी. हे माह्या कॉलेजच्या विद्यार्थिनीनं शोधलं. ते तिथी बसून आहे.”

मागून एक-दोघं हसले. पुढच्या रांगेत बसलेल्या, पांढऱ्या केसांच्या एक बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वळून मला विचारलं, “तू हे कसं शोधलंस?”

मला इंग्रजी सुचेना, पुस्तकी मराठीही सुचेना. “दारं लावले मॅडम, आन मोजलं,” मी म्हणाले.

पुढच्या वर्षी मी नागपूरला, त्या मॅडमच्याच प्रयोगशाळेत एम.एस्सी.चं काम करायला गेले. त्यानंतर हैदराबाद. आज जे काही करते, ते त्या एका वाक्यावर उभं आहे.

आणि पेशी? तिला पुन्हा हलतं करायला आम्हाला सव्वा वर्ष लागलं. मी नागपूरहून फोनवर, सर अहेरीत. क्लोराइडचा एक दरवाजा होता, जो सरांनी सुरुवातीलाच ‘हा फालतू आहे’ म्हणून सोडून दिला होता. तो घातला. मग रेघ हलली. पण पूर्वीसारखी नाही. बाहेरून येणारा आवळण्याचा निरोप कमी असला की स्वस्थ, जास्त असला की वर जाऊन आवळलेलीच, आणि मधल्या एका अरुंद पट्ट्यात तेवढी हलायची, तीही थोडी वेडीवाकडी. बेरीज मात्र जुळत होती. सर फोनवर म्हणाले, “पहिली लई सुंदर होती. हे बरी आहे.” एका लहानशा नियतकालिकात तो लेख आला. माझं नाव वर.

सर निवृत्त झाले तेव्हा मी सुट्टी काढून हैदराबादहून सिरोंच्यामार्गे गेले. कॉलेजातला समारंभ आटोपून आम्ही त्यांच्या घरी आलो. सर पाहुण्यांना बसस्टँडवर सोडायला गेले होते. मी आणि सिस्टर अंगणात तांदूळ निवडत बसलो. बोलता बोलता मी त्यांना विचारलं. इतक्या वर्षांत विचारायचं धाडस झालं नव्हतं.

“सिस्टर, ते तीन दिवस सर कॉलेजात आले नव्हते. तेव्हा माझा खूप राग आला होता का त्यांना?”

सिस्टरांनी सूप खाली ठेवलं. “पह्यल्या दिवशी जेवलेच नाई. कागद घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी अकरा वर्षाचे सारे रजिस्टर काढले, एकेक पान पायलं. मी म्हनलं, त्या पोरीवर राग आला का? रजिस्टरच चाळत राह्यले. तिसऱ्या दिवशी सकाळी मले म्हनते, ‘सिस्टर, मी हे ज्याले त्याले पाठवलो. इतक्या वर्षात. सारेच छान म्हनले. कोनी वाचलंच नोतं. तिनं वाचलं.’ आन मंग रडले. तीन दिवसांत तवाच रडले.”

मी सुपातल्या तांदळाकडं बघत राहिले. सिस्टरांनी सूप पुन्हा उचललं.

थोड्या वेळानं सर फाटकातून आत आले. हारातल्या दोन झेंडूच्या पाकळ्या शर्टाला चिकटलेल्या. “बाई, तुमच्या नवीन लेखाचे कागद आणले का?”

मी आणले होते. पिशवीतून काढून दिले. ते तिथंच पायरीवर बसले, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. सिस्टरांनी पानं वाढली, हाक मारली. ते उठले नाहीत. घरात थांबलेल्या पाहुण्यांचं जेवण होऊन गेलं. सावली पायरीवरून सरकत विहिरीपर्यंत गेली.

चौथ्या पानावर ते थांबले. मागं गेले, तिसरं पान पुन्हा पाहिलं. मग डोळे कागदावरून न उचलता त्यांनी हात माझ्याकडं पुढं केला.

“बाई, पेन द्या.”

मी दिला, आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.